जस्तावरचं हसू

आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलत. दुबईतल्या अल मनखूलच्या त्या दोन खोल्यांत आई भाकरी थापता थापता ओरडे, मी अभ्यास करता करता ओरडायचे, आणि शेजारच्या केरळी मावशींना सुरुवातीला वाटलं होतं की या वसईवाल्यांची रोज भांडणं होतात. भांडणं नव्हती. पप्पांचा डावा कान कामातून गेला होता आणि उजवा निम्माच उरला होता. आधी मुंबईत आणि मग इथे, आयुष्यभर छपाईच्या मशीनशेजारी उभं राहून त्यांनी तो आवाज इतका प्यायला होता की मशीन बंद असतानाही त्यांना ते ऐकू येई. डाव्या कानात ते कापसाचा बोळा घालत. डॉक्टरांनी कधी काळी सांगितलं होतं, ते त्यांनी सोडलं नाही. टीव्ही इतका मोठा असे की हिंदी मालिकेतल्या सासवा आमच्या जिन्यात राहतात असं वाटे. आज अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी कधी विसरून मोठ्याने बोलले तर मुलगा हेडफोन काढून म्हणतो, "ममा, आय कॅन हिअर यू." मी गप्प होते. चाळिशी ओलांडली तरी गळ्याची ती सवय गेलेली नाही. ज्याच्यासाठी आवाज चढवायचा तो माणूस मात्र गेला.

पप्पा हमरिया फ्री झोनमधल्या एका पॅकेजिंग कंपनीत ऑफसेट मशीन चालवत. पहाटे कंपनीची बस बुर दुबईतून माणसं गोळा करत शारजाच्याही पुढे जाई. संध्याकाळी पप्पा परत आले की घरात आधी केरोसिनचा आणि शाईचा वास शिरे आणि मग ते शिरत. साबण लावून, लिंबू चोळून झालं तरी नखांच्या कडा काळ्याच राहत. काखेत गुंडाळी असे. बिस्किटांची, खजुराची, डोकेदुखीच्या गोळ्यांची खोकी छापताना रंग एकमेकांवर नीट न बसलेले कागद फेकून देत, ते पप्पा माझ्यासाठी आणत. पुढून खजूर, मागून कोरं. त्या कोऱ्या बाजूवर मी लहानपणापासून चित्रं काढत आले. बारावी झाली, पत्राद्वारे बी.कॉम. सुरू झालं, तरी माझं लक्ष ताळेबंदात नव्हतं, त्या मागच्या बाजूत होतं.

आई घरी शिवण करायची. बुर दुबईतल्या बायका ब्लाऊज, पडदे, मुलांचे युनिफॉर्म घेऊन येत. तिचं मशीन खिडकीशी होतं आणि भिंतीला माझी चित्रं टाचलेली असत, कारण तिथला रंग उडाला होता आणि ते झाकायचं होतं. वसईहून कुणी आलं की वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आणि सुके बोंबील येत. बोंबील भाजायचे तर आई खिडक्या बंद करून दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायची, तरी वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जाई. अशाच एका बोंबलाच्या दुपारी एक गोरी, किडकिडीत, पांढऱ्या केसांची बाई फाटलेला लिनन कोट घेऊन दारात उभी राहिली. आई लाजेने मेल्यासारखी झाली. बाईने मात्र नाक वर करून वास घेतला आणि म्हणाली, "माझ्या आजीच्या गावाचा वास आहे हा. समुद्राजवळचं गाव होतं."

तिचं नाव इनेस. स्पेनची. नवरा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर इंजिनिअर होता. मी तिला सेन्योरा म्हणायचे, तिनेच तसं शिकवलं. कोट आईच्या हातात देऊन ती भिंतीसमोर उभी राहिली. मी आमच्या बिल्डिंगमधली माणसं काढली होती. वॉचमन खुर्चीत घोरतोय आणि त्याचं पोट मांजरासारखं मांडीवर बसलंय. चर्चच्या कमिटीतले एक काका बोलताहेत आणि त्यांच्या तोंडातून कबुतरं उडताहेत. ती मोठ्याने हसली. मग गंभीर झाली.

"हे कोणी काढलं?"

"माझी मुलगी. उगाच करते. हिल्डा, इकडे ये," आई म्हणाली.

"उगाच नाही," सेन्योरा म्हणाली. "हिला माझ्याकडे पाठवा."

तिच्या व्हिलाच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी एक प्रेस होता. पप्पांच्या मशीनसारखा विजेवरचा नव्हे. लोखंडाचे दोन जाड रूळ आणि बाजूला जहाजाच्या सुकाणूसारखं मोठं चाक. ते हाताने फिरवायचं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र कोरायचं, पत्रा आम्लात सोडायचा. सुईने जिथे मेण गेलं तिथे आम्ल जस्त खातं. मग मेण काढायचं, शाई चोळायची, पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि चाक फिरवायचं. कागद उचलताना श्वास आपोआप थांबतो. डावं उजवीकडे गेलेलं असतं, उजवं डावीकडे, आणि आपल्याच हातचं चित्र आपल्याकडे परक्यासारखं बघतं.

शिकवता शिकवता ती तिच्या देशातल्या एका चित्रकाराबद्दल सांगायची. दोनशे वर्षांपूर्वीचा, राजाच्या पदरी असलेला. ऐन उमेदीत आजारी पडला आणि पूर्ण बहिरा झाला. त्यानंतर त्याने ऐंशी पत्रे कोरले. तिच्याकडे त्यांचं जाडजूड पुस्तक होतं. रोग्याची नाडी बघणारा गाढव डॉक्टर. लहान गाढवांना धडा देणारं मोठं गाढव. म्हाताऱ्या श्रीमंताला विकल्यासारखी दिलेली नवरी. खादाड साधू. आणि एका पानावर, दोन गरीब माणसं पाठीवर एकेक गाढव घेऊन वाकलेली. मी त्या पानापाशी फार वेळ बसले. "माणसं बोलतात ते त्याला ऐकू येईना," सेन्योरा म्हणाली, "म्हणून माणसं काय करतात ते त्याला दिसायला लागलं." ती चित्रं म्हणे त्याच्या घराजवळच्या अत्तरांच्या दुकानात विकायला ठेवली होती, आणि थोड्याच दिवसांत मागे घेतली गेली. धर्मपीठाची भीती होती. मी पुस्तक घरी आणलं तेव्हा आईने साधूंचं पान बघून क्रूसाची खूण केली आणि ते कपाटात चादरींखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच ते काढून बघत होती. "हा खादाड साधू," ती हळूच म्हणाली, "आपल्या जुन्या फादरसारखा नाही का दिसत?"

सेन्योराने आणखी एक गोष्ट दाखवली होती, तिच्या आजोळची. स्वस्तातला, पिवळा पडलेला एक छापील कागद, त्यावर छोटे छोटे चौकोन. असे कागद पूर्वी तिकडे रस्त्यात दोरीला टांगून विकत. त्या कागदावर सगळं जग उलटं होतं. मेंढ्या धनगराला कातरताहेत, मासा कोळ्याला गळाला लावतोय, घोडा माणसावर बसून चाललाय. पोरं हसत आणि मोठ्यांना जे कळायचं ते कळे.

त्या हिवाळ्यात पप्पांच्या कंपनीची पिकनिक होती. खाडीकाठच्या पार्कात हिरवळीवर चटया, बिर्याणीची मोठी पातेली, बायकांची अंताक्षरी. मॅनेजर खन्ना साहेबांच्या हातात माईक होता. गॉगल कपाळावर, सोन्याचं घड्याळ मनगटावर सैल. आमच्या सगळ्यांचे व्हिसे त्यांच्या सहीने चालत, त्यामुळे त्यांच्या विनोदांना कधी हशा कमी पडत नसे. बक्षिसं देताना त्यांनी पप्पांना पुढे बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"ये हमारे लोपीस मास्टर! इनको मशीन के सिवा किसी की आवाज़ सुनाई नहीं देती. बीवी की भी नहीं!" हशा. "आदमी नहीं है ये. गधा है गधा! जितना लादो, चुपचाप चलता है!"

सगळी हिरवळ हसली. आणि पप्पा हसले. नुसते हसले नाहीत, सगळ्यांत जास्त हसले. दात दाखवून, मान हलवत. छातीवर हात ठेवून साहेबांपुढे थोडे वाकले सुद्धा. मी बिर्याणीची प्लेट घेऊन उभी होते. वीस वर्षांच्या मुलीला लाज वाटायला किती कमी लागतं! मला साहेबांचा राग आला, पण त्याहून जास्त राग आला तो त्या हसण्याचा.

दुसऱ्याच दिवशी मी पत्रा घेतला. तीन आठवडे तेवढंच केलं. कमरेत वाकलेला एक माणूस, अंगात चर्चला घालतात तसा इस्त्रीचा शर्ट. पाठीवर टाय लावलेलं, कपाळावर गॉगल चढवलेलं, मनगटात सैल घड्याळ घातलेलं गाढव. भोवती टाळ्या वाजवणारे हात, नुसते हात. खालच्या माणसाचा चेहरा मी कागदावर आधी कच्चा काढून पाहिलाच नाही, सरळ सुईने कोरला. तो चेहरा मला पाठ होता. कानात कापूस. आणि तोंडभर ते हसू.

पहिली प्रत निघाली तेव्हा सेन्योराने ती उजेडात धरली. मग विचारलं, "हा खालचा माणूस कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तो विषय सोडला. तिच्या विद्यार्थ्यांचं छोटं प्रदर्शन एका लेडीज क्लबच्या हॉलमध्ये व्हायचं होतं. हे चित्र लावायचं का, हे तिने माझ्यावर सोपवलं. घरी मी फक्त आईला दाखवलं. तिचं मशीन थांबलं.

"हे साहेबांनी ओळखलं तर? पुढच्या महिन्यात सामान बांधून वसईला. आणि पप्पांनी बघितलं तर?"

"पप्पांना शुक्रवारी ओव्हरटाइम आहे. ते येणार नाहीत."

"तू कुणावर चिडलीयेस गं?" आईने विचारलं. मी चित्र गुंडाळलं. कुणावर ते मला माहीत होतं.

प्रदर्शन शुक्रवारी सकाळी उघडलं. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे आणि आमचा चर्चमधला मिस्साही शुक्रवारीच. आता इथे रविवारी सुट्टी असते. पप्पांना हे सांगायला हवं होतं, त्यांना फार गंमत वाटली असती. तर मी माझ्या चित्राशेजारी उभी होते, आणि दारातून खन्ना साहेब आत आले. त्यांच्या मिसेस त्या क्लबच्या मेंबर होत्या. साहेब एकेक चित्र बघत पुढे सरकत माझ्या गाढवासमोर आले. थांबले. गॉगल कपाळावर चढवला. आणि खो खो हसले.

"अरे, देखो देखो! ये तो अपना सेल्सवाला है! बिल्कुल वही!" त्यांनी मिसेसना ओढून आणलं. "वो ही घड़ी, देखो!" म्हणत ते माझ्याकडे वळले. आणि तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून मला पप्पा दिसले. चर्चचा शर्ट घातलेला, आई बाजूला. ओव्हरटाइम त्यांनी घेतलाच नव्हता. मुलीचं चित्र हॉलमध्ये लागलंय म्हणून सुट्टी मागून घेतली होती.

"अरे लोपीस! तुम्हारी बेटी ने बनाया? वाह!" साहेब त्यांच्या चांगल्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाले. मग चित्रावर बोट ठेवून, "और ये नीचेवाला कौन है? कोई हम्माल?"

पप्पा चित्राकडे बघत होते. तोच शर्ट होता. तोच कापूस. साहेब दहा वर्षं रोज तो चेहरा बघत होते आणि तो चेहरा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

"हाँ साब," पप्पा म्हणाले. "हम्माल है."

घरी आल्यावर पप्पांनी शर्ट काढून हँगरला लावला, खुर्ची ओढून बसले, आणि मला समोर बसवलं. आई मशीनपाशी उभी राहिली.

"कान चुकलाय," ते म्हणाले. "माझा डावा बहिरा. छापताना उलटं होतं हे तू विसरलीस. कापूस उजव्यात गेलाय."

मी मान खाली घातली.

"आणि हा हसतोय का?"

"तुम्ही हसला होता पप्पा. पिकनिकला. साहेब बोलले तेव्हा."

"सगळे हसले म्हणून हसलो," पप्पा म्हणाले. "मला काय ऐकू येणार तिथे, माईकमध्ये? नुसती घरघर. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला होता. मला वाटलं कौतुक करताहेत." मग त्यांनी विचारलं, "काय म्हणाले होते?"

मी आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती. तीन महिने आम्हा दोघींना ते वाक्य माहीत होतं, आणि पप्पांनाही ते माहीत आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

"सोडा ना पप्पा."

"नाही. सांग."

मी सांगितलं. हळू आवाजात सांगितलं. त्यांनी उजवा कान पुढे केला. "काय?" पुन्हा सांगितलं. "ऐकू येत नाही, हिल्डा. मोठ्याने." आणि मग त्या घरात जसं आम्ही सगळं बोलत असू तसंच, गळा फाडून, मला माझ्या वडिलांना ते ऐकवावं लागलं. "गधा म्हणाले! आदमी नहीं, गधा है! जितना लादो, चुपचाप चलता है!" भिंतीपलीकडे केरळी मावशींचा रेडिओ बंद झाला. मी रडत होते. पप्पा रडत नव्हते. ते बोटाने टेबलाची कड चाचपत होते, कागदाची जाडी बघतात तसं.

शेवटी म्हणाले, "मग चित्र बरोबर आहे. फक्त तोंड चुकलंय."

"मी मोडून टाकते तो पत्रा."

"मोडायचा कशाला? मेहनत आहे त्यात. पुसता येतं का तुमच्या जस्तावर?"

येतं. धारदार पात्याने खरवडायचं, मग गुळगुळीत लोखंडाने घासत राहायचं, आम्लाने केलेला खड्डा सपाट होईपर्यंत. फार चिवट काम असतं. ते हसू काढायला मला चार दिवस लागले. तिथे मिटलेले ओठ कोरले, आणि डोळे, जे आधी जमिनीकडे होते, ते बघणाऱ्याकडे वळवले. कापूस दुसऱ्या कानात घातला. सेन्योराने भिंगातून बघितलं आणि म्हणाली, "आता हे हसण्यावारी नेता येणार नाही." तिने ते निंदा म्हणून म्हटलं की स्तुती म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आता मी स्वतः मुलांना छापचित्रं शिकवते, तेव्हा कळतं की कोणालाही नुसतं हास्यास्पद करणं सोपं असतं. खालच्या माणसाचा चेहरा अवघड.

पप्पांची नोकरी गेली नाही. साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि चित्रातलं गाढव म्हणजे सेल्सवाला, हे ते कित्येक महिने सगळ्यांना सांगत राहिले. बदललं ते इतकंच की पुढच्या पार्टीत साहेबांनी पप्पांवर काही विनोद केला, हशा झाला, आणि पप्पा हसले नाहीत. ते दोन पावलं पुढे गेले, उजवा कान साहेबांसमोर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "क्या बोला साब? फिर से बोलो. सुनाई नहीं दिया." साहेबांनी पुन्हा सांगितला. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. "फिर से, साब," पप्पा म्हणाले. साहेबांनी माईक दुसऱ्याच्या हातात दिला. आईने हे मला सांगितलं तेव्हा ती हसता हसता मशीनवर डोकं टेकून बसली होती.

पण मला सांगायचा आहे तो त्यानंतरचा एक शुक्रवार. मिस्सा संपल्यावर पप्पा म्हणाले, "तुमचा तो हाताचा प्रेस बघायचाय मला." मी त्यांना सेन्योराच्या गॅरेजमध्ये नेलं. त्या दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. पप्पांचं इंग्लिश कंपनीपुरतं, तिचं स्पॅनिशच्या वळणाचं, आणि वर पप्पांचा कान. पण पप्पांनी काचेवरची शाई चिमटीत घेतली, दोन बोटं हळूच लांब केली, मधली तार किती लांबते ते बघितलं आणि मान हलवली. नाही. सेन्योराने जवसाच्या तेलाची बाटली पुढे केली. त्यांनी दोन थेंब घातले, पात्याने घोटलं, पुन्हा चिमटीत धरलं, तिच्यापुढे धरलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "आह." त्यांनी बाह्या दुमडल्या.

मी पत्र्याला शाई चोळली, पप्पांनी पुसली. तळहाताच्या कडेने, फार हलकं, मी आजपर्यंत कोणाला तसं पुसताना पाहिलेलं नाही. मग ते चाकापाशी उभे राहिले. घाई नाही, हिसका नाही, एका चालीत पत्रा रुळांखालून पलीकडे गेला. मी कागदाची दोन टोकं धरली, त्यांनी दोन धरली, आणि आम्ही तो उचलला. ते स्वतःकडे बघत उभे राहिले. मिटलेले ओठ, समोर रोखलेले डोळे, पाठीवर ते वजन.

"काळा चांगला उतरलाय," पप्पा म्हणाले.

सेन्योराने त्यांच्या हातात पेन्सिल दिली आणि कागदाच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. काढणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव उजवीकडे यायचं. ज्याने छापलं त्याचं डावीकडे. पप्पांनी आयुष्यात लाखो खोकी छापली होती, एकावरही त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी पेन्सिल दोनदा खाली ठेवली. मग मराठी शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं, बस्त्याव लोपीस. लिहून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मला अजून कोरता आलेलं नाही.

"अजून एक काढूया?" त्यांनी विचारलं.

मला मैत्रिणीकडे जायचं होतं. काय होतं तिच्याकडे, वाढदिवस की नुसत्याच गप्पा, ते आता आठवतही नाही. मी ॲप्रन सोडत होते. "पुरे पप्पा," मी मोठ्याने म्हटलं. "खलास. नंतर कधीतरी."

"बरं," ते म्हणाले, आणि केरोसिनचा बोळा घेऊन हात पुसायला लागले. त्या उन्हाळ्यात सेन्योराच्या नवऱ्याची बदली झाली, प्रेस पेटीत बंद होऊन जहाजाने गेला. पप्पा आणखी सहा वर्षं हमरियाला जात राहिले, मग वसईला परतले, आणि मी इथे नोकरीवर असताना एका सकाळी तिकडेच वारले. माझ्याकडे त्या पत्र्याची त्यांनी छापलेली एवढी एकच प्रत आहे. त्या दिवशी काचेवर शाई उरली होती, ओला केलेला कागदही उरला होता, आणि बाहेर गॅरेजच्या दारापर्यंत अजून चांगलं ऊन होतं.